केप पोपटाच्या मागावर : बुलवर ते हॉग्जबॅक

शुक्रवार : डर्बन ते बुलवर

"दक्षिण आफ्रिकेत येऊन पोपट बघणार? सिंह-हत्ती सोडून?" वहिनींनी थालीपिठाची भाजणी डब्यात भरता भरता विचारलं. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. आपल्याकडून तिकडे जाणारी मंडळी क्रूगरला जातात, केपटाउनला टेबल माउंटनवर फोटो काढतात आणि परत येतात. मी मात्र दादाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, सहा महिने आधीपासून फोनवर गळ घालत होते. तो नोकरीनिमित्त बरीच वर्षं डर्बनला आहे, गाडी त्याची, रस्ते त्याच्या ओळखीचे. शेवटी कंटाळून "ये बाई" म्हणाला.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पक्ष्यांमधलं मला बेताचंच कळतं. पण केप पोपट हा पक्षी एका झाडावर इतका विसंबून आहे की त्याच्या मागे जाणं म्हणजे त्या झाडाच्याच मागे जाणं. ते झाड म्हणजे यलोवुड. पोपट त्याच्या बिया खातो, त्याच्या शेंड्यावर रात्र काढतो आणि ते वठलं की त्याच्या ढोलीत अंडी घालतो. झाड तोडलं की पोपटाचं घर, ताट आणि अंथरूण एकदमच जातं, आणि तिथे शे-दीडशे वर्षं नेमकं तेच झालंय.

पोपटाची थोडी ओळख करून देते. शास्त्रीय नाव पॉइसेफॅलस रोबस्टस. अख्ख्या जगात रानात तो फक्त दक्षिण आफ्रिकेत सापडतो. ईस्टर्न केपचे डोंगर, क्वाझुलू-नातालचा दक्षिण भाग आणि तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला लिम्पोपो प्रांतात एक छोटा, तुटलेला गट. सगळे मिळून दीड-दोन हजारांच्या आसपास. आपल्या एखाद्या शहरातल्या मोठ्या रातथाऱ्यावर याहून जास्त कीर पोपट एका संध्याकाळी उतरतात. आफ्रिकेत दूरवर पसरलेला करड्या डोक्याचा पोपट आणि हा, दोन्ही एकाच जातीच्या उपजाती, असं पुष्कळ वर्षं मानलं जात होतं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने केप पोपट ही वेगळी जात असल्याला भक्कम आधार दिला. हा प्रश्न नुसता कागदोपत्री नाही. मोठ्या जातीत मोजला की हा पोपट 'भरपूर आहे' असं दिसतं, वेगळा मोजला की खरा आकडा समोर येतो.

डर्बनहून निघाल्यावर पीटरमॅरित्झबर्गच्या रेल्वे स्टेशनावर थांबलो. 7 जून 1893 च्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून इथेच उतरवलं होतं. विटांची, व्हिक्टोरियन धाटणीची इमारत, फलाटावर पाटी. दादा प्रत्येक पाहुण्याला इथे आणतो, त्यामुळे त्याने सगळी गोष्ट दोन मिनिटांत आटपली.

हॉविकनंतर बुलवरकडे जाणारा रस्ता लागला आणि माझा मूड गेला. दोन्ही बाजूंना पाइन आणि निलगिरी, ओळीत, एकाच उंचीची, मैलोन्‌मैल. दादा म्हणाला, "बघ, किती हिरवंगार!" मी गप्प राहिले. या हिरव्यात पोपटाच्या उपयोगाचं जवळपास काही नाही. मूळचं जंगल दिसतं ते डोंगरांच्या दक्षिण उतारांवर, घड्यांमध्ये, गडद ठिपक्यांसारखं. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून दक्षिणेचा उतार सावलीत राहतो, ओल धरतो, आणि गवताला लागलेले वणवे तिथपर्यंत सहसा पोचत नाहीत. आपल्या डोक्यात दिशांचं गणित उलटं बसलेलं असतं, त्यामुळे मला हे नकाशा हातात घेऊन दोनदा समजून घ्यावं लागलं.

शनिवार : मारुत्स्वाचं जंगल

बुलवरच्या जवळच मारुत्स्वा नावाचं जंगल आहे. तिथले स्थानिक पक्षी-वाटाडे आधी ठरवता येतात. आमचा वाटाड्या पंचविशीतला झुलू तरुण होता. त्याने पहाटे साडेपाचला हातात दुर्बीण आणि अंगावर जाड कोट अशा थाटात आम्हाला गाठलं. मे महिना म्हणजे तिकडे थंडीची सुरुवात. गवतावर दव नव्हे, पांढरं हिव होतं.

"आधी कान, मग डोळे," तो म्हणाला. केप पोपट पहाटे रातथारा सोडतात तेव्हा ओरडत ओरडत सोडतात. मग दिवसभर शेंड्यांच्या पानांत शिरून खात बसले की अगदी चिडीचूप. झाडाखाली उभं राहूनही पत्ता लागत नाही. म्हणून जे काही बघायचं ते पहिल्या दीड तासात किंवा मावळतीला.

पण त्या सकाळी धुकं खाली उतरलं ते साडेनऊपर्यंत हललं नाही. या पट्ट्याला तिकडे 'मिस्टबेल्ट', धुक्याचा पट्टाच म्हणतात, म्हणजे तक्रार कुणाकडे करायची? आवाज मात्र आला. डोक्यावरून, कुठून तरी, कोरड्या रहाटाची करकर व्हावी तसा कर्कश, तुटक आवाज. दोन-तीनदा आला आणि पुढे निघून गेला. वाटाड्याने बोटं दाखवली, चार. आवाजावरून चार पक्षी कसे मोजले ते मला अजून उमगलेलं नाही.

मग मी माझ्या कामाला लागले. जंगल छोटं, पण आत गेल्यावर त्याचं वय जाणवतं. यलोवुडच्या तीन जाती इथे भेटतात, आउटेनिका यलोवुड, 'खरा' यलोवुड आणि हेंकेलचा यलोवुड. तिन्ही पोडोकार्प कुळातल्या. म्हणजे पाइन-देवदारांच्या मोठ्या गोतावळ्यातल्याच, पण शंकू नाहीत, पानं सुईसारखी नाहीत. हेंकेलची पानं तर लांब, लोंबती, आंब्याच्या पालवीची आठवण व्हावी अशी. खरा यलोवुड हा त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष आहे आणि 1998 च्या वन कायद्याने यलोवुडच्या जाती संरक्षित आहेत. कायदा आला तोवर मोठी झाडं बरीचशी जहाजं, रेल्वेचे स्लीपर, घरांच्या जमिनी आणि फर्निचर होऊन बसली होती. आम्ही ज्या गेस्टहाउसमध्ये उतरलो होतो तिथलं जेवणाचं टेबल यलोवुडचं होतं. मालकीणबाई अभिमानाने त्यावर हात फिरवत होत्या. पणजोबांच्या काळातलं, म्हणाल्या. सुरेख मधाळ रंगाचं लाकूड, यात शंका नाही.

दुपारी धुकं विरल्यावर नाइस्ना तुराको दिसला. हिरवा पक्षी, पंख उघडले की आत लालभडक. त्या लाल रंगात चक्क तांबं असतं. पोपटांच्या लाल-पिवळ्याचं रसायन पुन्हा निराळं, तो रंग पोपट स्वतःच्या शरीरात तयार करतात, खाण्यातून मिळवत नाहीत. दादाला यातलं काहीही ऐकायचं नव्हतं. त्याला चहा हवा होता.

रविवार : क्सुमेनी

डॉनीब्रुकजवळचं क्सुमेनी जंगल रस्त्याला लागूनच आहे. हिव पडलेलं, आकाश मात्र लख्ख. सहा वाजून वीस मिनिटांनी वाटाड्याने गाडी एका वळणावर उभी करायला सांगितली. समोर दरीच्या पलीकडे जंगलाच्या छतातून वर आलेलं एक वठलेलं यलोवुड, साल गळून राखाडी झालेलं. सूर्य आधी त्याच्याच टोकावर पडला, आणि त्या टोकावर सात पोपट होते.

दुर्बिणीतून पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर डोकं. अंगाच्या मानाने मोठं, आणि चोच त्याहून मोठी, फिकट शिंगाच्या रंगाची, खाली बाकलेली. पक्षी साधारण फूटभर लांब, पाव किलोच्या थोडा वर भरणारा. शेपूट आखूड, चौकोनी. आपला कीर पोपट आठवा, त्याची अर्धी लांबी शेपटीत जाते. याला तसा डौल नाही, हा बसका आणि दणकट. पाठ-पंख गडद हिरवे, त्या पिसांच्या मध्यात काळपटपणा, पोट आणि कंबर उजळ पोपटी. डोकं आणि मान मात्र हिरवी नाही. ऊन पडलं तशी ती सोनेरी-तपकिरी दिसू लागली, जुन्या पितळेच्या जवळ जाणारी. आणि मग त्यातल्या एकाने पंख ताणले, तेव्हा खांद्यावरचा शेंदरी-लाल पट्टा दिसला. मांड्यांवरही तोच रंग, लाल चड्डी घातल्यासारखा. हे लाल फक्त वयात आलेल्या पक्ष्यांना. पिलांना खांदे-मांड्या हिरव्याच, पण कपाळावर नारिंगी छटा. मादीच्या कपाळावर बहुतेक वेळा नारिंगी ठिपका राहतो, नराला सहसा नसतो. सातांपैकी दोघी नक्की माद्या होत्या, एकीचा तर ठिपका नेमका कुंकवाच्या जागी. वहिनींना हे सांगायला फोटो काढायला हवा होता, पण माझ्या कॅमेऱ्याच्या आवाक्यातलं ते अंतर नव्हतं.

ते काय करत होते? उन्हं खात होते. एकाने दुसऱ्याच्या मानेची पिसं चोचीने विंचरली, मग दुसऱ्याने डोकं वाकवून 'अजून थोडं इकडे' असा हट्ट धरला. एक जण उघड्या फांदीवर चोच घासत होता, आधी एक बाजू मग दुसरी. मधूनच कुणीतरी ओरडायचं, त्याला पलीकडच्या डोंगरातून उत्तर यायचं. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. मग काहीही इशारा न होता, निदान मला कळलेला तरी, सगळे एकदम उठले. उडणं सरळ, जलद, पंखांची उथळ आणि घाईची उघडझाप. डोकं जड असल्यामुळे हवेत ते पुढे झुकलेले दिसतात. उंचावरून, दरी ओलांडून, पाइनच्या लागवडीकडे न बघता ते नैर्ऋत्येला गेले.

"आता कुठे?" दादाने विचारलं.

"जिथे फळ असेल तिथे," वाटाड्या म्हणाला. यलोवुडला दरवर्षी सारखं फळ धरत नाही. शिवाय नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे जंगलातल्या निम्म्या झाडांना कधीच फळ येत नाही. एका जंगलात फळ नसलं की पोपट दुसऱ्या जंगलात जातात, खाण्यासाठी दिवसाकाठी शंभर किलोमीटरपर्यंतसुद्धा भटकतात. पूर्वी ही जंगलं एकमेकांना बऱ्यापैकी जोडलेली होती. आता मधे शेतं, लागवडी, गावं.

या भटकेपणामुळे मोजणी अवघड होते. 1998 पासून पीटरमॅरित्झबर्गच्या विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञ कॉलीन डाउन्स यांनी केप पोपटांची वार्षिक मोजणी सुरू केली. वर्षातून एकदा, शरद ऋतूत, शेकडो हौशी माणसं ठरलेल्या ठिकाणी संध्याकाळी आणि दुसऱ्या पहाटे एकाच वेळी उभी राहतात आणि पक्षी किती, कोणत्या दिशेने गेले, किती वाजता, हे टिपतात. वेळ आणि दिशा यासाठी, की तोच थवा दोन जंगलांत दोनदा मोजला जाऊ नये. आमचा वाटाड्याही दरवर्षी त्यात असतो. एका मोजणीत त्याच्या वाट्याला पूर्ण शून्य आलं होतं. "शून्यसुद्धा लिहून द्यायचं असतं," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. मला हा मुलगा फार आवडला.

सोमवार-मंगळवार : नुसता रस्ता

इक्सोपो, कोकस्टाड, उम्थाथा, कोमानी. हायवेवर गाई-शेळ्या, खड्डे, ट्रक. डोंगरांवर विखुरलेली गोल घरं, फिकट हिरव्या-निळ्या रंगात रंगवलेली. उम्थाथाला मंडेला संग्रहालय बघितलं. बाकी वहिनींची भाजणी संपली, एवढंच सांगण्यासारखं.

बुधवार : हॉग्जबॅक

ॲमाथोले डोंगररांगेतलं हे गाव साधारण महाबळेश्वराच्या उंचीवर आहे आणि पर्यटकांनी त्याचं जे केलंय तेही ओळखीचं आहे. मातीची रानडुकरं विकणारी मुलं, परीकथांतली नावं लावलेली हॉटेलं, जाम आणि मेणबत्त्यांची दुकानं. गावाच्या कडेपर्यंत पाइन. पण कड्याच्या खाली उतरलं की ऑकलंडचं जंगल सुरू होतं, आणि तिथे गेल्यावर वरच्या बाजाराचा विसर पडतो.

दिवसभर पाऊस. झाडांवरून लोंबणाऱ्या दाढीसारख्या शेवाळी झुबक्यांना पाणी चढून ते फुगले होते. ते शेवाळ नाही, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं आहे. हे मी दादाला सांगितलं, तर त्याने वास घेऊन बघितला आणि निराश झाला.

गुरुवार : झाडाखाली

हा दिवस मिळाला नसता तर मी हे लिहायला बसलेच नसते.

सकाळी नव्या वाटाड्याबरोबर (हा खोसा समाजाचा, मध्यमवयीन, पूर्वी वनखात्याच्या कामावर असलेला) ऑकलंडच्या जंगलात उतरलो. वाटेत ते प्रसिद्ध 'बिग ट्री' लागतं, आउटेनिका यलोवुड, ज्याच्या बुंध्याला कवेत घ्यायला माणसांची साखळी लागेल. पर्यटक त्याच्याशी फोटो काढून धबधब्याकडे जातात. आमच्या वाटाड्याने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे अर्धा तास चालून तो एका बऱ्याच लहान, पण फळांनी लगडलेल्या मादी झाडाखाली थांबला आणि खाली बोट दाखवलं.

जमिनीवर सडा पडला होता. हिरवट-पिवळ्या सालीचे आणि गराचे तुकडे, त्यात दोन भागांत फुटलेल्या कवच्या. मी गुडघ्यावर बसले. आउटेनिका यलोवुडचं फळ (शास्त्रीय काटेकोरपणाने त्याला फळ म्हणता येत नाही, मांसल आवरणाची बी म्हणायला हवं, पण चालवून घेऊ) छोट्या बोराएवढं. बाहेर पातळ गर, त्यात राळेचा उग्र वास. आत लाकडासारखं कठीण कवच आणि त्याच्या आत बदामी रंगाचा मगज. एक पूर्ण बी उचलून दादाने दगडाने फोडायचा प्रयत्न केला. बी उडून झुडपात गेली. दुसरी फुटली, पण मगजाचा चुरा झाला. पोपटाने फोडलेल्या कवच्या मात्र स्वच्छ होत्या, कडेने चोचीची दाब दिल्याची खूण आणि आत काही शिल्लक नाही.

आणि तेवढ्यात वरून टपकन एक साल माझ्या टोपीवर पडली.

वर तीन होते. इतका वेळ आम्ही त्यांच्याच खाली बोलत होतो आणि त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. मान दुखेपर्यंत बघितलं. एक पक्षी बारीक डहाळीवर उलटा लटकून चोचीने फळ तोडतो, सरळ होतो, फळ एका पायात धरतो. मग जीभ आणि खालची चोच यांच्यामध्ये ते फळ फिरवत फिरवत गर सोलून काढतो. गर खात नाही, टाकून देतो. साफ झालेली बी वरच्या चोचीच्या आतल्या खाचेत बसवतो, एक दाब, 'टक्' असा स्पष्ट आवाज, आणि कवचीचे दोन भाग खाली. मगज दोन घासांत संपतो. लगेच दुसरं फळ. माकडं, वटवाघळं, इतर पक्षी हे सगळे गराचे गिऱ्हाईक, त्यांना फळ पिकायची वाट बघावी लागते. पोपटाला गर नकोच असतो, म्हणून तो कच्च्या फळावरच सुरू करतो आणि बाकीच्यांच्या आधी ताटावर बसतो. त्याची ती अवजड चोच या एकाच कामासाठी घडलेली आहे, असं झाडाखाली उभं राहिल्यावर वाटतं. पुस्तकात चित्र बघून ती बोजड वाटली होती.

ढोलीसाठी मात्र या चोचीचा फार उपयोग नाही. वठलेल्या झाडात आधीच पडलेली पोकळी शोधायची, ती थोडी कोरून मोठी करायची, एवढंच त्यांना जमतं. वीण साधारण ऑगस्ट ते फेब्रुवारी. दोन ते पाच पांढरी अंडी, महिनाभर उबवणं, आणि पिलं दोन महिने किंवा त्याहूनही जास्त ढोलीत. इतकं मोठं भोक पडेल असा बुंधा तयार व्हायला यलोवुडला शतकं लागतात, मग ते मरून, पोखरून, तरीही उभं राहायला हवं. वाटाड्याच्या जुन्या नोकरीत वठलेली झाडं 'फुकट जाणारं लाकूड' म्हणून हिशोबात धरली जायची. हे त्याने हसत सांगितलं, पण मग बराच वेळ काही बोलला नाही. हॉग्जबॅकला 'केप पॅरट प्रोजेक्ट' काम करतो. त्यांनी उंच झाडांवर लाकडी पेट्या बांधल्या आहेत, ढोलीची उणीव थोडी भरून यावी म्हणून. आम्हाला अशी एक पेटी दिसली. भोवती मधमाश्यांची ये-जा चालू होती. भाडेकरू दुसराच घुसला होता.

परतताना त्यांची रोपवाटिका बघितली. काळ्या पिशव्यांत यलोवुडची रोपं. आसपासच्या खेड्यांतल्या बायका बिया गोळा करून घरी रोपं वाढवतात, प्रकल्प ती विकत घेतो आणि जंगलाच्या कडेला लावतो. मी एका बाईंना खुणेने विचारलं की रुजायला किती वेळ लागतो? त्यांनी आकाशाकडे हात करून असा काही चेहरा केला की भाषांतराची गरज पडली नाही. ते लाकडी कवच पाणी आत घेतच नाही लवकर. बिया फोडून लावायचं तंत्र या बायकांना शिकवलं आहे म्हणे, पण मगजाला धक्का लागता कामा नये. इथेही दगडापेक्षा चोच सरस.

शुक्रवार : ॲलिसचे पेकन

हॉग्जबॅकहून तासाभराच्या उतरणीवर ॲलिस नावाचं गाव आहे. फोर्ट हेअर विद्यापीठ इथलंच, 1916 साली स्थापन झालेलं. मंडेला आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर टॅम्बो इथे शिकले. पण पक्षी बघणारे इथे येतात ते पेकनच्या झाडांसाठी. पेकन मूळचं उत्तर अमेरिकेतलं, अक्रोडाच्या कुळातलं. शरदात त्याची फळं भरली की डोंगरातले पोपट खाली उतरतात.

रानात सात दिसले तर धन्य वाटणाऱ्या मला तिथे एका बागेत साठ-सत्तर पोपट दिसले. आणि काय तो कालवा! एका फळासाठी भांडणं, पानांतून टपटप कवच्या, कुणी अर्धं खाऊन टाकतंय, कुणी तोंडातलं पळवतंय. जंगलातले मितभाषी पक्षी ते हेच, यावर विश्वास बसेना. दादा पहिल्यांदा मनापासून खूश झाला. फोटोही इथेच मिळाले.

मला मात्र कालचं झाड जास्त आवडलं होतं, आणि त्याला कारणही आहे. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने दुर्बिणीतून एक पक्षी दाखवला. छातीवरची पिसं विरळ, पंखातली काही पिवळी पडलेली. पोपटांना चोच आणि पिसांचा एक विषाणूजन्य रोग होतो, त्यात पिसं वेडीवाकडी येतात किंवा गळतात, चोच ठिसूळ होते, प्रतिकारशक्ती जाते. पिसं नाहीत म्हणजे हिवाळ्यातला पाऊस आणि थंडी थेट अंगावर. या भागातल्या केप पोपटांमध्ये त्या रोगाची मोठी लागण नोंदवली गेली आहे. रानातलं खाणं कमी पडलेले, आधीच अशक्त पक्षी एका बागेत शेकड्याने एकत्र आले तर रोगाला अंगण मिळतं, असं इथे काम करणाऱ्यांचं मत आहे. त्या एका पक्ष्याला तो रोगच होता की नुसती पिसं झडत होती, हे खालून सांगणं शक्य नव्हतं.

बागेच्या कुंपणाशी एक झाड बघून मी थबकले. बकाणा! आपला बकाणा निंब, पिवळ्या मण्यांचे घोस लटकलेला. इकडे त्याला सिरिंगा म्हणतात, आशियातून शोभेसाठी नेलेलं आणि आता तण म्हणून उपटलं जाणारं. केप पोपट त्याच्या बियाही खातात. माणसाला ज्या बिया विषारी, त्या हा पक्षी फोडून खातो. बकाणा, पेकन, ऑस्ट्रेलियाची बाभूळ, असं परदेशी जेवण जेवणारा हा अस्सल स्थानिक पक्षी. मूळचं ताट काढून घेतल्यावर तो तरी काय करणार?

पिंजऱ्यांचा विषयही निघाला. या पोपटाचा सेनेगल पोपट नावाचा चुलतभाऊ जगभर पाळला जातो, आणि केप पोपट दुर्मीळ म्हणून हौशी लोकांना अधिकच हवासा. तिथे परवान्याशिवाय तो ठेवता येत नाही. पिंजऱ्यातलं पिलू खरंच पिंजऱ्यातल्या आईबापांचं आहे की रानातून उचललेलं, हे आता डीएनए तपासून ठरवता येतं. आपल्याकडे कीर पोपट पाळणं 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी कितीतरी गॅलऱ्यांत तो 'मिठू मिठू' करत असतो, तेव्हा दुसऱ्या देशाला शिकवायला जाण्यात अर्थ नाही.

शनिवार : परतीची वाट, आणि जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

ॲलिसहून ईस्ट लंडनचा विमानतळ दोनेक तासांवर. दादाने गाडी तिथेच भाड्याच्या पार्किंगला लावली, एका मित्राकडे त्याला दोन दिवस राहायचं होतं. मी विमानाने जोहान्सबर्ग आणि तिथून मुंबई.

कुणाला जायचं असेल तर एप्रिलअखेर ते जून बरा. पाऊस कमी, पेकन भरलेले. ऑगस्टपासून वीण सुरू होते, तेव्हा ढोलींच्या आसपास जाऊ नये. क्वाझुलू-नाताल आणि हॉग्जबॅक दोन्ही एकाच फेरीत केलं तर मधल्या रस्त्यासाठी दोन दिवस सोडा, अंधारात गाडी चालवू नका, जनावरं रस्त्यावर असतात. वाटाड्या घ्याच, तो नसेल तर आवाज ऐकूनही पक्षी हाती लागत नाही. गरम कपडे आपल्या अंदाजाच्या दुप्पट. पेकनच्या बागा खासगी आहेत, मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका. हॉग्जबॅकला निदान तीन रात्री ठेवा, कारण त्यातला एक दिवस धुकं किंवा पाऊस खाणारच.

आणि शाकाहारी असाल तर भाजणी जास्त न्या.